करार आणि मध्यस्थ

विमानात बसणाऱ्या प्रवाशाने आपले विमान कोण चालवीत आहे हे सहसा पाहिलेले नसते. पुढचे दार बंद होते, ध्वनिक्षेपकावरून एक शांत आवाज ऐकू येतो आणि त्या आवाजाच्या भरवशावर दोन-तीनशे माणसे समुद्र ओलांडतात. ज्यांच्यावर जग असा डोळे मिटून विश्वास टाकते, त्या वैमानिकांचा स्वतःचा विश्वास मात्र एका ठिकाणी हमखास डळमळतो. ते ठिकाण म्हणजे त्यांच्याच संघटनेचे नेतृत्व. पगाराच्या आणि सेवाशर्तींच्या वाटाघाटी सुरू झाल्या, खोलीचे दार बंद झाले, की बाहेर थांबलेल्या वैमानिकाला आत बसलेल्या मालकापेक्षा आपल्याच प्रतिनिधीची धास्ती अधिक वाटू लागते.

आमच्यासारख्या धर्मगुरूने या विषयात का पडावे, असे सुज्ञ वाचक विचारतील. महागुरुस्वामींच्या अनुमतीने तीन उन्हाळे आम्ही अमेरिकेतील एका धर्मग्रामात साहाय्यक म्हणून काढले. तो धर्मग्राम एका मोठ्या विमानतळाच्या छायेत वसलेला होता आणि रविवारच्या मिस्सेला येणाऱ्यांत वैमानिकांची कुटुंबे पुष्कळ होती. मिस्सेनंतर सभागृहात कॉफीचा पेला हाती घेऊन मंडळी बोलत उभी राहत. त्यांच्या बोलण्यात हवापाणी असे, मुलांचे शिक्षण असे; पण एका उन्हाळ्यात सगळी संभाषणे फिरून फिरून एकाच शब्दावर येत. तो शब्द होता 'करार'.

एक पन्नाशीचे सहवैमानिक एकदा शेकडो पानांचा मसुदा काखेत मारूनच आले होते. आम्ही सहज विचारले, "मालकांवर एवढा राग आहे का?" ते म्हणाले, "नाही फादर. मालकांवर मी रागावत नाही. त्यांना काय हवे आहे ते मला ठाऊक आहे. माझे श्रम स्वस्तात हवे आहेत, आणि ते तसे उघडपणे वागतात. मला कळत नाही तो आमचाच माणूस. काल-परवापर्यंत तो माझ्या शेजारच्या आसनावर बसत होता. आता तो कोट घालून येतो, पडद्यावर चित्रे दाखवतो, आणि प्रत्येक चित्रात आम्हाला काय मिळाले तेच असते. आम्ही काय सोडले हे आमच्यातल्या एका तरुण पोराने रात्रभर जागून ही पाने वाचली तेव्हा आम्हाला समजले."

त्या गृहस्थांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. होती ती एक प्रकारची अनाथपणाची भावना. तेव्हापासून या प्रश्नाचा आम्ही जमेल तसा अभ्यास करीत आलो, आणि जसजसा तो केला तसतसे हा प्रश्न केवळ वैमानिकांचा नाही, याची खात्री पटत गेली.

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वैमानिकाच्या आयुष्यात त्याची ज्येष्ठता हे सर्वस्व असते. तो कंपनीत ज्या दिवशी रुजू झाला त्या दिवसावरून यादीत त्याचा क्रमांक ठरतो. आणि कोणते विमान चालवायचे, कप्तान केव्हा व्हायचे, कोणत्या शहरी राहायचे, नाताळची रात्र घरी काढायची की परगावच्या हॉटेलात, हे सारे त्या क्रमांकावरून ठरते. नोकरी सोडून तो दुसऱ्या कंपनीत गेला तर वीस वर्षांचा अनुभव पाठीशी असूनही तेथे तो सर्वांत शेवटचा ठरतो. आपल्याकडचा सुतार किंवा गवंडी एका ठेकेदाराशी पटले नाही तर हत्यारांची पिशवी उचलून दुसऱ्याकडे जातो. वैमानिकाला ती मुभा नाही. जो घर सोडू शकत नाही, तो घरातल्या कारभाऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारच.

दुसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेत १९२६ साली रेल्वे कामगारांसाठी एक कायदा झाला आणि १९३६ साली तो विमान कंपन्यांना लागू करण्यात आला. त्या कायद्याप्रमाणे करार कधी संपुष्टात येत नाही. ठरलेल्या तारखेनंतर तो केवळ दुरुस्तीस खुला होतो आणि नवा करार होईपर्यंत जुनाच चालू राहतो. संप करायचा तर आधी सरकारी मध्यस्थ मंडळाने पक्षकारांना मोकळे केले पाहिजे, त्यानंतर तीस दिवस थांबले पाहिजे, आणि एवढे करूनही राष्ट्राध्यक्षांना हस्तक्षेप करता येतो. १९९७ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप पुकारला, तो राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांतच थांबवला. अशा व्यवस्थेत वाटाघाटी वर्षानुवर्षे लांबतात. पुढारी म्हणतो, धीर धरा. सभासद धीर धरतो. पण धीर धरता धरता त्याच्या मनात प्रश्न उगवतो, की हा आपला माणूस आत बसून नेमके करतो तरी काय?

हा संशय संघटनेइतकाच जुना आहे. एअर लाइन पायलट्स असोसिएशन १९३१ साली स्थापन झाली. डेव्हिड बेन्के नावाच्या वैमानिकाने ती उभी केली. संघटनेचे नाव काढले तरी नोकरी जाईल असे ते दिवस होते. महिन्याला पंच्याऐंशी तासांहून अधिक उड्डाण करायला लावू नये, ही मर्यादा त्याच काळातील लढ्याचे फळ. परंतु १९५१ साली त्याच बेन्के यांना त्यांच्याच सभासदांनी अध्यक्षपदावरून दूर केले, आणि दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. पुढे १९६३ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मध्यवर्ती नेतृत्वाशी बिनसल्याने ही संघटनाच सोडली आणि आपली वेगळी चूल मांडली.

ज्याला इतरांच्या वतीने बोलण्याचा एकमेव अधिकार मिळतो, त्याच्यावर काही कर्तव्य येते की नाही? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन न्यायालयाने प्रथम दिले ते वैमानिकांच्या नव्हे, तर रेल्वे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या एका कृष्णवर्णीय कामगाराच्या खटल्यात. त्याचे नाव बेस्टर विल्यम स्टील. त्याच्या संघटनेत कृष्णवर्णीयांना सभासदत्व नव्हते. तरी कायद्याने तीच त्याची प्रतिनिधी होती, आणि तिने मालकांशी करार करून त्याच्यासारख्यांनाच कामावरून मागे सारले. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने सर्वांचे हित प्रामाणिकपणे पाहिलेच पाहिजे. भट्टीपाशी उभ्या असलेल्या त्या गरिबाने मिळवलेला हा न्याय पुढे आकाशात उडणाऱ्या, भरघोस पगाराच्या वैमानिकांना आधार ठरला. देवाच्या राज्यात कोनशिला कोठून सापडेल हे सांगता येत नाही!

या न्यायाचा आधार वैमानिकांनी आपल्याच संघटनेविरुद्ध वारंवार घेतला. कॉन्टिनेंटल कंपनीचा संप १९८३ साली सुरू झाला आणि दोन वर्षांनी मिटला. ज्या तडजोडीवर तो मिटला ती बिनशर्त शरणागतीपेक्षाही वाईट आहे, असे म्हणून संपकरी वैमानिक न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेच्या बाजूने कौल दिला. तडजोड आज मागे वळून पाहता चुकीची वाटली तरी तेवढ्याने पुढारी दोषी ठरत नाही; त्याचे वागणे अगदीच अविवेकी असले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय.

टी. डब्ल्यू. ए. च्या वैमानिकांची कथा मात्र निराळी. २००१ साली ती दिवाळखोर कंपनी अमेरिकन एअरलाइन्सने विकत घेतली. टी. डब्ल्यू. ए. च्या सुमारे २,३०० वैमानिकांच्या करारात ज्येष्ठतेचे रक्षण करणारे कलम होते. ते सोडून द्यावे, असा सल्ला त्यांना त्यांच्याच संघटनेकडून मिळाला आणि त्यांनी ते सोडले. परिणामी निम्म्याहून अधिक जणांची नावे नव्या यादीच्या तळाशी गेली, आणि पुढच्या मंदीत त्यांतल्या कितीतरी जणांना घरी बसावे लागले. संघटनेला अमेरिकन एअरलाइन्सचे हजारो वैमानिक पुन्हा आपल्याकडे ओढायचे होते, म्हणून आमचा बळी दिला गेला, असा त्यांचा आरोप होता. २०११ साली न्यू जर्सीतील ज्यूरीने संघटनेला जबाबदार धरले आणि २०१४ साली ५ कोटी ३० लाख डॉलरवर प्रकरण मिटले. पैसे मिळाले, पण दहा-बारा वर्षांपूर्वी हातून गेलेले कप्तानाचे आसन कोण परत देणार?

येथे आमच्या ख्रिस्ती वाचकांना मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आठवेल. पहाटेपासून राबलेल्यांना एक दिनार, आणि संध्याकाळी तासभर आधी आलेल्यांनाही एक दिनार. पहाटेचे मजूर कुरकुरले. यू. एस. एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या दोन कंपन्या २००५ साली एक झाल्या, तेव्हा जणू हाच दाखला न्यायालयात उभा राहिला. २००७ साली लवादाने दोन्ही याद्या एकत्र केल्या. सोळा-सतरा वर्षांची नोकरी झालेला, परंतु मंदीत घरी बसवला गेलेला पूर्वेकडचा वैमानिक काही महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या पश्चिमेकडच्या वैमानिकाच्या खाली गेला. पूर्वेकडचे संख्येने अधिक होते. त्यांनी २००८ साली मतदानाने जुनी संघटनाच दूर सारली, नवी स्थापन केली आणि लवादाचा निवाडा बासनात गुंडाळला. मग पश्चिमेकडचे न्यायालयात गेले. खटला वर-खाली होत राहिला आणि २०१५ साली अपील न्यायालयाने पश्चिमेकडच्यांची बाजू उचलून धरली. दरम्यान कितीतरी वर्षे समाईक करार होऊ शकला नाही, आणि पूर्वेकडचे वैमानिक दिवाळखोरीच्या काळात कापलेल्या पगारावरच उडत राहिले. अविश्वासाची किंमत अशी पगाराच्या चिठ्ठीवर मोजता येते.

दाखल्यातील धनी आपल्या स्वतःच्या थैलीतून देतो. शेवटच्याला दिल्याने पहिल्याचे काही उणे होत नाही. ज्येष्ठतेच्या यादीचे तसे नाही. तेथे एकाला वर चढवायचे तर दुसऱ्याला खाली उतरवावेच लागते. प्रभूने देवाचे औदार्य शिकवण्यासाठी सांगितलेला दाखला पुढाऱ्याने सभासदांचा क्रमांक वाटताना तोंडी लावू नये. देवाला उदार होता येते, कारण सारे त्याचे आहे. प्रतिनिधीच्या हाती जे असते ते दुसऱ्यांचे असते. त्याला उदार होण्याचा अधिकार नाही, त्याने विश्वासू असले पाहिजे.

हे सारे दूरदेशीचे आहे असे कोणी समजू नये. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ साली एकत्र आल्या. नव्या ड्रीमलाइनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला मिळावे यावरून २०१२ च्या उन्हाळ्यात एअर इंडियाच्या वैमानिकांनी अठ्ठावन्न दिवस काम बंद ठेवले. वादाच्या मुळाशी पुन्हा दोन याद्या आणि परस्परांविषयीचा संशयच होता. त्याआधी गिरणगावाने हेच दुःख फार मोठ्या प्रमाणात भोगले आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता. तिच्यावर कामगारांचा भरवसा उरला नव्हता, म्हणून १९८२ च्या जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. कायदा ज्याला प्रतिनिधी म्हणत होता त्याला कामगार आपला म्हणत नव्हते, आणि कामगार ज्याला आपला म्हणत होते त्याला कायदा ओळखत नव्हता. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे आज आपण पाहतोच.

मग दोष सारा पुढाऱ्यांचा का? त्याच धर्मग्रामात आम्हाला एक निवृत्त कप्तान भेटले. तरुणपणी ते वाटाघाटीच्या समितीत होते. ते म्हणाले, "फादर, त्या खोलीत गेल्यावर पहिल्या महिन्यातच मला कळले की बाहेरचे लोक जो आकडा मागत आहेत तो मिळणे शक्य नाही. पण हे बाहेर येऊन सांगितले तर म्हणणार, हा विकला गेला. न सांगितले तर शेवटी म्हणणार, आम्हाला अंधारात ठेवले. आणि मध्यस्थाला तर शब्द दिलेला, की आतले बाहेर बोलणार नाही. त्या दोन वर्षांत माझ्याशी जेवायला बसणारे मित्र कमी झाले." हे बोलताना त्यांनी कॉफीचा पेला दोन्ही हातांत घट्ट धरला होता. आम्हाला त्यांचाही शब्द खरा वाटला. पुढारी कामावरून मोकळा असतो, त्याचा उड्डाणाचा पगार संघटना भरून देते, तो मालकांच्या टेबलाशी बसतो, त्यांची भाषा शिकतो. त्यात पाप काहीच नाही. पण दर दिवशी तो आपल्या माणसांपासून एक पाऊल दूर जातो, आणि ते त्याच्या लक्षात येत नाही. बाहेरच्यांच्या मात्र ते चटकन लक्षात येते.

आम्हा ख्रिस्ती मराठी माणसांच्या कानी 'करार' हा शब्द लहानपणापासून पडत आलेला आहे. आपल्या पवित्र शास्त्राचे दोन भागच मुळी जुना करार आणि नवा करार. सीनाय पर्वतावरील कराराचा मध्यस्थ होता मोशे. निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात आपण वाचतो, की मोशेने कराराचे पुस्तक हाती घेऊन सर्व लोकांना ऐकू जाईल असे वाचून दाखवले आणि लोकांनी होकार दिला. सारांश नव्हे, निवडक चित्रे नव्हेत, सबंध पुस्तक. त्यानंतर तो पुन्हा पर्वतावर गेला, ढगात शिरला, आणि चाळीस दिवस त्याचा निरोप आला नाही. बत्तिसाव्या अध्यायात त्याच लोकांची भाषा बदललेली दिसते. या मोशेचे काय झाले कोण जाणे, असे ते म्हणू लागले आणि सोन्याचे वासरू घडवून मोकळे झाले. लोक तेच होते, मध्यस्थही तोच आणि तितकाच प्रामाणिक. मध्ये पडले होते ते चाळीस दिवसांचे मौन.

लोकांची बाजू आम्ही घेत नाही. वासरू ते वासरूच. परंतु पुढाऱ्याने निरोप पाठवला नाही तर पोकळी रिकामी राहत नाही, तीत कोणी ना कोणी वासरू आणून बसवतोच, एवढे या अध्यायातून शिकण्यासारखे आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात याहून सुखद उदाहरण आहे. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली, की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांनी त्यांना फितूर म्हटले नाही, श्रद्धेत उणे म्हटले नाही. सर्वांना एकत्र बोलावले आणि तुमच्यातलीच सात माणसे तुम्ही निवडा, असे सांगितले. निवडलेल्या सातांची नावे स्तेफनापासून निकलावापर्यंत सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटणी सोपवण्यात आली! संशय घेणाऱ्याला गप्प करण्याऐवजी त्याच्या हाती किल्ली देण्याचे हे धैर्य ख्रिस्तसभेच्या पहिल्या पानांवरच आहे.

कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, हे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झेरचेन्स'मध्ये संघटना ही आधुनिक समाजाची अपरिहार्य गरज असल्याचे म्हटले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव धारण केले, तेही त्या पहिल्या परिपत्रकाची आठवण ठेवून. पण संघटना पवित्र म्हणून तिचा पुढारी प्रश्नांपासून मुक्त, असा अर्थ कोणी काढू नये. प्रश्न विचारणारा सभासद संघटनेचा शत्रू नसतो. २०१२ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी नेतृत्वाने पुढे ठेवलेला प्रस्ताव ६१ टक्के मतांनी फेटाळला, अध्यक्षांना पद सोडावे लागले, आणि डिसेंबरात अधिक चांगल्या करारास वैमानिकांनीच मान्यता दिली. २०२२ साली युनायटेडच्या वैमानिकांनी मसुदा ९४ टक्क्यांनी नाकारला; पुढच्या वर्षी नवा मसुदा ८२ टक्क्यांनी स्वीकारला. हे वैमानिक संघटना मोडून बाहेर पडले नाहीत. त्यांनी 'नाही' म्हटले आणि पुन्हा त्याच टेबलाशी आपली माणसे पाठवली. यू. एस. एअरवेजच्या भांडणाशी हे ताडून पाहावे. संशय तोच, एकाने दार ठोठावले, दुसऱ्याने घर पाडले.

आपल्या धर्मग्रामांत, पतपेढ्यांत, सहकारी संस्थांत, शाळांच्या समित्यांतही कोणीतरी कोणाच्या तरी वतीने बंद दाराआड बसलेला असतो. रविवारी वेदीवरून धर्मग्रामाचा जमाखर्च वाचला जातो तेव्हा मागच्या बाकांवर चुळबुळ होते, कंटाळा येतो, हे आम्ही पाहतो. तरी तो वाचलाच पाहिजे, आणि जमेइतकाच खर्चही स्वच्छ आवाजात वाचला पाहिजे. काय मिळाले हे सांगायला पुढारी लागत नाही. काय सोडावे लागले आणि का, हे सांगायलाच तो लागतो.

शमुवेल संदेष्टा वृद्ध झाला तेव्हा त्याने सर्व इस्राएल लोकांना बोलावले आणि त्यांच्यापुढे उभे राहून विचारले, की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच घेऊन डोळे झाकले, ते येथे सांगा. मी परत करतो. आयुष्यभर न्याय केलेला हा माणूस. त्याच्याकडे हिशेब मागण्याची कोणाची छाती नव्हती. त्याने तो आपण होऊन दिला. लोकांनी साक्ष दिली, की तू काहीही घेतलेले नाहीस. प्रतिनिधीला मिळणारे याहून मोठे वेतन आम्हाला ठाऊक नाही, आणि ते कोणत्याही करारात लिहून घेता येत नाही.